रूट परत रुसला : पासवर्ड बरोबर असूनही जुनं सन मशीन आत घेत नाही तेव्हा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे ही नोंद आपल्या कामाची आहे की नाही ते घाईतल्या माणसाला लगेच कळेल. मशीन सन स्पार्कस्टेशन ५, त्यावर सोलारिस २.६ (सनची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम). साधे युजर बिनतक्रार लॉगिन होतात, रूट (मशीनचे सगळे हक्क असलेला मुख्य युजर) होत नाही. सीडीवरून बूट करून पासवर्ड पुसला आणि नवा ठेवला की रूट सुरळीत. पाच-सहा महिने काही नाही. मग एक दिवस लाइट जाते, आणि परत आल्यावर रूट पुन्हा बाहेर. मधल्या काळात पासवर्डला कोणी हात लावलेला नसतो.

आमच्याकडे हे तीनदा झालं. पहिल्या वेळी पासवर्ड खरोखर हरवला होता. पुढच्या दोन्ही वेळा तो हरवलाच नव्हता, तरी मी दोन्ही वेळा आधी तोच पुसायला बसलो, आणि एकदा तर काम झालं असं समजून चहा पिऊन घरी आलो. चूक कुठे होती ते खाली येईलच. ती माझीच होती, हे आत्ताच कबूल करतो.

मशीन आहे वडोदऱ्यात, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात. मालक दांडिया बाजारातले, माझ्या वडिलांचे शाळासोबती, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे गियरचे दात मोजायचं एक यंत्र आहे आणि त्याचं सॉफ्टवेअर फक्त या सनवर चालतं. नवं घ्यायचं तर यंत्रासकट घ्यावं लागतं. स्पार्कस्टेशन ५ बाजारात आलं १९९४ मध्ये, आणि सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. तेव्हा फोन करायला कंपनी नाही, मी आहे.

एक सूचना. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना छोट्या इंग्रजी अक्षरांत करायच्या. आणि हे सगळं स्वतःच्या किंवा मालकाने समोर बसून सांगितलेल्या मशीनवरच. काका माझ्या शेजारी स्टूल टाकून बसतात, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

पासवर्ड खरंच गेला असेल तर

जुना ऑपरेटर नोकरी सोडून गेला आणि पासवर्ड त्याच्या डोक्यातच राहिला. ही पहिली वेळ. लिनक्सवर हात बसलेला माणूस इथे पहिली चूक करतो ती ‘बूट -एस’ देण्याची. लिनक्सच्या बऱ्याच जुन्या मशीनवर सिंगल युजरमध्ये (देखभालीपुरतं बूट) थेट रूटचं शेल (आज्ञा टाइप करायची जागा) मिळायचं. सोलारिस तिथेही रूटचा पासवर्ड मागतं. दार तेच, कुलूपही तेच.

वाट सीडीवरून जाते. सनच्या कीबोर्डवर डावीकडे स्टॉपची कळ असते, ती धरून ‘ए’ दाबायचं. मशीन जिथे असेल तिथे थांबतं आणि ‘ओके’ असा प्रॉम्प्ट येतो. (चुकून दाबलं गेलं तर ‘गो’ लिहा, काम होतं तिथून पुढे सुरू होतं.) कीबोर्ड जोडलेलाच नसेल तर सन आपोआप पहिल्या सीरियल पोर्टलाच कन्सोल मानतं. तिथे ९६०० वेगाने टर्मिनल लावा आणि ब्रेक पाठवा.

ओकेवर ‘बूट सीडीरॉम -एस’. इथे अडलात तर मशीनला दोष देऊ नका, ड्राइव्ह बघा. या काळातल्या सनला ५१२ बाइटचे सेक्टर देणारा सीडी ड्राइव्ह लागतो. पीसीतला साधा ड्राइव्ह २०४८ देतो आणि त्यावरून बूट होत नाही. शिवाय घरी बर्न केलेली सीडी जुना ड्राइव्ह कधी वाचतो, कधी तोंड फिरवतो. माझा अर्धा दिवस यातच गेला. डिस्क काढून लिनक्सला जोडावी असा विचार मनात येईल. वाचण्यापुरतं ते होतं, पण सनच्या यूएफएस या फाइल सिस्टिमवर लिनक्समधून लिहिण्याच्या भानगडीत पडू नका.

सीडीवरून शेल मिळालं की आधी फाइल सिस्टिम तपासा, मग जोडा. स्पार्कस्टेशन ५ मध्ये आतली डिस्क स्कझी (डिस्क आणि सीडी जोडायची पद्धत) टार्गेट ३ वर असते आणि सीडी ६ वर. म्हणजे रूटचं पार्टिशन डेव्ह, डीएसके खाली ‘सी० टी३ डी० एस०’. नव्या लोकांचा हात सवयीने टी० कडे जातो. तपासणीची ‘एफएससीके -वाय’ देताना डीएसकेच्या जागी आरडीएसके. मग माउंट करा ‘ए’ नावाच्या रिकाम्या फोल्डरवर, ते सीडीवर याच कामासाठी ठेवलेलं असतं.

आता ‘ए’मधल्या ईटीसीतली शॅडो फाइल, पासवर्ड हिच्यात असतात. आधी तिची प्रत काढा, मग उघडा. व्हीआय हा एडिटर उघडताना तक्रार करतो की हे टर्मिनल कोणतं ते मला माहीत नाही. टर्म या व्हेरिएबलला सनच्या पडद्यावर ‘सन’ आणि सीरियलवर ‘व्हीटी१००’ अशी किंमत द्या आणि एक्सपोर्ट करा. तरी जमलं नाही तर ‘ईडी’ हा साधा एडिटर वापरा, त्याला टर्मिनल कसलंही चालतं. रूटच्या ओळीत पहिल्या आणि दुसऱ्या कोलनमध्ये १३ अक्षरांचा एक अगम्य शब्द दिसेल. तेवढाच पुसायचा, कोलन राहू द्यायचे. त्याच्या पुढे बहुतेक ६४४५ हा आकडा असतो. तो १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस मोजतो, म्हणजे २५ ऑगस्ट १९८७. तुमचं मशीन त्यानंतरचं असलं तरी हाच आकडा असतो. त्याने काही बिघडत नाही, त्याला हात लावू नका. फाइल फक्त वाचण्याजोगी असते म्हणून सेव्ह करताना शेवटी उद्गारचिन्ह लागतं.

‘ए’मधून बाहेर पडा, अनमाउंट करा, रिबूट द्या, रूटने बिनपासवर्ड आत शिरा आणि लगेच नवा ठेवा. लगेच म्हणजे लगेच. काकांनी ‘आधी सेव-उसळ खाऊन येऊ’ म्हटलं होतं. मी ऐकलं नाही.

इथपर्यंतची कृती बरोबर आहे आणि आजही मी तीच सांगेन. गडबड त्यानंतरच्या पाच मिनिटांत झाली.

उत्तरायण

पहिल्या भेटीत रूट हाती आल्यावर मला त्याचं साधं शेल फार टोचलं. वरची बाणाची कळ दाबली की मागची आज्ञा येत नाही, चुकलं की सगळं पुन्हा टाइप करा. सोलारिससोबत बॅश हे सोयीचं शेल आलं ते आवृत्ती ८ पासून, २.६ मध्ये ते नाही. पण जुन्या ऑपरेटरने ते यूझर लोकल (‘यूएसआर’खालचं ‘लोकल’) या फोल्डरमध्ये टाकून ठेवलं होतं. मी पासवर्ड फाइलमध्ये (ही शॅडोहून वेगळी, कोणाला कोणतं शेल ते हिच्यात असतं) रूटच्या ओळीतला शेवटचा रकाना बदलला. ‘स्बिन’मधलं ‘एसएच’ काढून यूझर लोकलमधलं बॅश लिहिलं. मस्त चाललं. या बदलाचा मला नंतर पत्ताच नव्हता, इतका तो किरकोळ वाटला होता.

मग १४ जानेवारी. बडोद्यात उत्तरायणाला काय होतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मांजा तारांवर पडतो, लाइट जाते, येते, जाते. दोन दिवसांनी कारखाना उघडला आणि ऑपरेटर भाईचा फोन, ‘साहेब, पासवर्ड लेतो नथी.’

रूट त्यांना लागतो तरी कशाला, तर तारीख लावायला. या मशीनमध्ये घड्याळ, मशीनचा ओळखक्रमांक आणि बूटच्या सेटिंग एका छोट्या चिपमध्ये असतात. स्पार्कस्टेशन ५ मध्ये तिचं नाव एम४८टी०८. लिथियमची बॅटरी चिपच्या प्लास्टिकमध्येच बंद केलेली असते, साधारण दहा वर्षं टिकते. काकांचीही कधीच संपली होती. मशीन चालू असेपर्यंत काही कळत नाही. लाइट गेली की सगळी स्मृती पुसली जाते. चालू करताच मशीन म्हणतं की आयडीप्रॉममधला (चिपमधल्या ओळखीच्या नोंदीतला) मजकूर अवैध आहे, नेटवर्कचा पत्ता सगळा ‘एफएफ’, तारीख भलतीच, आणि कधीकधी डिस्क सोडून नेटवर्कवरूनच बूट व्हायला बघतं. ओळखक्रमांक गेला की सॉफ्टवेअरचं लायसन्स रुसतं, कारण ते त्याच क्रमांकाला बांधलेलं आहे. तारीख चुकली की गियरच्या तपासणी अहवालावर भलतीच तारीख छापली जाते आणि गिऱ्हाईक ते परत पाठवतं.

त्यासाठी भाईच्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे. ओकेवर १६ बाइट एकेक करून भरायचे. पहिला बाइट १, दुसरा ८०, पुढे नेटवर्कचा पत्ता (सनचा म्हणून सुरुवात ८, ०, २०), मग बनवल्याची तारीख, मग ओळखक्रमांकाचे उरलेले तीन, आणि शेवटी आधीच्या १५ची एक्सॉर बेरीज (हातचा न धरता केलेली बायनरी बेरीज). प्रत्येकासाठी ‘एमकेपी’ ही आज्ञा. भाईला यातलं काही कळत नाही, पण सत्यनारायणाच्या पोथीसारखं तो ते न चुकता करतो. मग ‘बूट डिस्क’. मग रूट होऊन तारीख. आणि इथे रूट आत घेत नव्हता.

मी गेलो. ‘पासवर्ड लेतो नथी’ हे ऐकून आलो होतो, म्हणून पासवर्डच दुरुस्त केला. सीडी, शॅडो, रिबूट, आत. तासाभरात काम झालं. काका म्हणाले, ‘अरे, हा रूट दर लाइटीला रुसणार की काय?’ मी म्हटलं, नाही हो, कोणीतरी चुकीचा टाइप करत असेल.

जूनमध्ये पहिल्या वादळाला पुन्हा तेच.

‘नो शेल’

तिसऱ्या वेळी सीडीची कृती मी जवळपास डोळे मिटून केली. शॅडोतला रकाना रिकामा केला. रिबूट. लॉगिनच्या चौकटीत रूट लिहिलं, एंटर. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तीच चौकट.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. पासवर्डच नाही, तर चुकणार काय?

मग पहिल्यांदा मी पडद्याकडे नीट पाहिलं. पासवर्ड चुकला की ही चौकट तसं स्पष्ट लिहून सांगते, लॉगिन इनकरेक्ट. इथे ते येतच नव्हतं. नुसता काळा पडदा आणि परत. उत्तरायणाला आणि आता, दोन्ही वेळा भाईला काय दिसलं ते मी विचारलंच नव्हतं. ‘पासवर्ड लेतो नथी’ हे त्याने काढलेलं निदान होतं आणि मी ते लक्षण म्हणून घेतलं होतं. तीनदा विचारल्यावर तो म्हणाला, हो साहेब, काळं होतं आणि पाछुं आवी जाय.

सोलारिसच्या ग्राफिक लॉगिनमध्ये ऑप्शन्सच्या मेनूत ‘कमांड लाइन लॉगिन’ असतं. ते निवडलं, साध्या कन्सोलवर रूट लिहिलं आणि एक ओळ आली : नो शेल.

मग सगळं एका दमात आठवलं. बॅश, यूझर लोकल. आणि यूझर लोकल आतल्या डिस्कवर नव्हतंच. जुन्या ऑपरेटरने ते बाहेरच्या स्कझी पेटीतल्या डिस्कवर ठेवलं होतं, टार्गेट १ वर. टेबलाखाली वाकून पाहिलं. पेटीचा प्लग काढलेला आणि त्या जागी मोबाइलचा चार्जर.

भाईचा दोष म्हणावा तर तोही नाही. लाइट गेली की तो धसक्याने सगळी बटणं बंद करतो आणि आल्यावर ज्याची गरज माहीत आहे तेवढीच चालू करतो : मशीन, पडदा, गियरचं यंत्र. पेटी त्याच्या लेखी ‘जुनी डबी’. तिच्यावाचून त्याचं काहीच अडत नव्हतं, कारण मोजणीचं सॉफ्टवेअर आणि त्याचं होम आतल्या डिस्कवर आहे. ती नसली की बूट होताना डिस्क सापडली नाही अशी एखादी ओळ वाहून जाते आणि मशीन पुढे निघतं. अडायचा फक्त रूट. आणि रूट लागायचा फक्त लाइट गेल्यावर. म्हणजे ज्या दिवशी पेटी बंद, नेमका त्याच दिवशी.

आणि मी दुसऱ्या वेळी ‘बरं’ कसं केलं होतं? स्कझीत बाहेरच्या पेट्या आधी चालू करायच्या आणि मशीन नंतर, ही मला लागलेली सवय. गेल्यागेल्या मी सगळी बटणं चालू केली होती. रूट बरा झाला तो पेटीच्या बटणाने. शॅडो पुसणं आणि अर्ध्या तासाची सीडी हा सगळा वरचा नैवेद्य. तिसऱ्या वेळी मी बटण दाबलं होतं, पण प्लगच नव्हता आणि दिवा पाहायला वाकलो नाही.

तपासायचं कसं

पेटी दिसते का हे बूट होण्याआधी ओकेवर ‘प्रोब-स्कझी’ देऊन कळतं. तिथे ३ आणि ६ दिसले आणि १ नाही, म्हणजे उत्तर मिळालं. चालत्या मशीनवर स्टॉप-ए दाबून लगेच प्रोब देऊ नका, बऱ्याचदा ते तिथेच अडकतं. आधी रीसेट करा.

पेटी लावून रिबूट केलं, रूट आत आला, आणि पहिलं काम म्हणून शेल परत ‘स्बिन’मधलं ‘एसएच’ केलं. ते मुद्दाम तसं बांधलेलं आहे : त्याला लागणारं सगळं त्याच्या पोटातच असतं, यूझर जोडलं गेलं नसलं तरी ते उठतं. रूटने त्यावरच राहावं. बॅश हवंच असेल तर रूटच्या प्रोफाइलमध्ये अट घाला, बॅश त्या जागी असेल आणि चालण्याजोगं असेल तरच ते सुरू कर. नसेल तर मुकाट्याने साधं शेल मिळतं. पेटी लावणं शक्यच नसेल तर सीडीवरून बूट करून शॅडोऐवजी पासवर्ड फाइल उघडा आणि रूटच्या ओळीचा शेवटचा रकाना सुधारा. काम तेवढंच.

‘पासवर्ड चालत नाही’ या तक्रारीमागे पासवर्ड सोडून इतरही गोष्टी असतात. टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून, रूट होऊ पाहिलं आणि ‘नॉट ऑन सिस्टिम कन्सोल’ आलं, तर मशीन रूटला फक्त समोरच्या कन्सोलवरून घेतंय. साध्या युजरने शिरा आणि ‘एसयू’ देऊन रूट व्हा. तो बंदोबस्त मोडू नका, चांगला आहे. सीरियल टर्मिनलवर बॅकस्पेस दाबून पासवर्ड सुधारत असाल तर सावध. टर्मिनल एक अक्षर पाठवतं, मशीनला खोडायला दुसरंच हवं असतं, आणि तुमचं खोडणं पासवर्डचाच भाग होऊन बसतं. पडद्यावर काहीच दिसत नसल्याने कळतही नाही. चुकलं तर खोडू नका, एंटर देऊन पहिल्यापासून लिहा. त्याहून जुन्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सात तर ‘हॅश’ म्हणजे खोडणं आणि ‘अॅट’ म्हणजे अख्खी ओळ पुसणं अशी पद्धत होती. अशा मशीनवर पासवर्डात ‘अॅट’ घालणारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

आणि काकांचा किस्सा. ते दर दिवाळीला स्वतःचा पासवर्ड बदलत असत, असा त्यांचा दावा. ‘दांडियाबाजार’ आणि पुढे वर्ष. या पिढीच्या युनिक्सात पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात. इंग्रजी अक्षरांत दांडियाबाजार लिहायला घ्या, वर्षापर्यंत पोहोचायच्या आत आठ संपतात. इतकी वर्षं त्यांचा पासवर्ड एकच होता. हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता काय केलं आहे

पेटी आणि मशीन एकाच बोर्डावर घेतले, बोर्ड यूपीएसवर. पेटीच्या प्लगवर चिकटपट्टी लावून भाईने स्वतःच्या अक्षरात गुजरातीत लिहिलंय, काढवुं नहीं. चार्जरसाठी वेगळं सॉकेट दिलं, नाहीतर चिकटपट्टी आठवडाभरही टिकली नसती.

चिपचं प्लास्टिक एका बाजूने घासून आतली मेलेली बॅटरी तोडली आणि बाहेरून ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल होल्डरमध्ये बसवला. काम नाजूक आहे. करण्याआधी ओकेवर ‘बॅनर’ देऊन नेटवर्कचा पत्ता आणि ओळखक्रमांक कागदावर उतरवून घ्या. चिप मेली तर लायसन्स त्या कागदावरच जिवंत राहतं. आमचा कागद मशीनच्या झाकणाच्या आतून चिकटवला आहे. सेल बसल्यावर १६ बाइट शेवटचे एकदा भरले. पोथी भाईने अजून काचेखाली ठेवली आहे, मी काढू नको म्हटलं.

पुढच्या वादळात लाइट दोनदा गेली. यूपीएसने एकदा तग धरला, एकदा नाही. मशीन स्वतःहून डिस्कवरून उठलं, तारीख बरोबर होती, रूटची कोणाला आठवणही झाली नाही. काकांचा फोन आला तो तिसऱ्या दिवशी. प्रिंटर कागद ओढत नव्हता.